दुसरी मोजणी

पत्र अकरा वर्षांपूर्वी आले होते आणि नानांनी त्याचे उत्तर दिले नव्हते. पाकिटावर कुणाचे नाव नव्हते. ‘पेशी वाढवणाऱ्या साहेबांस’ एवढे लिहून खाली रुग्णालयाचा पत्ता घातलेला होता. टपाल वाटणाऱ्या शिपायाने ते तीन मजले फिरवले आणि शेवटी नानांच्या टेबलावर आणून टाकले. “साहेब म्हणावं असं इथं कुणी दिसत नाही,” तो म्हणाला होता, “पण पेशी वाढवता तुम्हीच ना?”

आत वहीचे एकच पान होते. अक्षर टाक्यांसारखे, एकसारखे आणि ताणलेले.

‘माझी मुलगी तुमच्या दवाखान्यात गेली. मी कुणाला दोष देत नाही. मी शिवणकाम करते. कापड कमी पडणार असेल तर मी गिऱ्हाइकाला कापण्याआधी सांगते, कापल्यावर सांगून काय उपयोग. म्हणून एकच विचारते. तिच्यासाठी वाढवलेल्या पेशी त्या दिवशी पुरेशा होत्या का? हो की नाही, एवढं कळवावं.’

‘हो’ लिहायला काहीच हरकत नव्हती. कागदावरचा आकडा तसेच सांगत होता. नानांनी लिहायला घेतलेही, एकदा नाही, वीस वेळा. पण त्या एका अक्षरापाशी पेन अडायचे. मनात एक बारीक शंका होती. तिला शंका म्हणावे तर आपण उगाच स्वतःवर आळ घेतो आहोत असे वाटायचे, आणि सोडून द्यावी तर ती जात नव्हती. त्यात नानांचा स्वभाव असा, की घराला कुलूप लावून निघाले तरी तीनदा परत येऊन ओढून पाहायचे. अशा माणसाने स्वतःच्या शंकेवर किती विश्वास ठेवायचा? पत्र त्यांनी जाड शब्दकोशात ठेवले. मग निवृत्त झाले, घरी पुस्तके वाचत बसले, आणि तो शब्दकोश सोडून बाकी सगळी पुस्तके त्यांनी पुन्हा पुन्हा वाचली.

आता आठवड्यातून दोन दिवस त्यांना प्रयोगशाळेत परत बोलावत. काम एकच, दुसरी मोजणी. शेवटच्या दिवशी पेशी दोन माणसांनी वेगवेगळ्या मोजायच्या असा नियम होता आणि माणसे कमी होती. पहिली मोजणी ताई करायची. ती नानांहून वीस वर्षांनी लहान, पण प्रयोगशाळा तिच्या हातात, म्हणून लहानमोठे सगळे तिला ताईच म्हणत. नानांनी तिच्यानंतर भिंगातून पाहायचे आणि आपला आकडा लिहायचा. बायको म्हणायची, “म्हणजे ताईची री ओढायला जाता तुम्ही. चांगलं आहे. घरात माझी कधी ओढली नाहीत.”

त्या दिवशी सकाळी जिन्यात त्यांना ड्रायव्हर भेटला. पाच वर्षांच्या मुलाचा बाप, धंद्याने बसचालक. मुलाच्या हाडांतली रक्त तयार करणारी मज्जा रोगाने सडली होती, आणि गेल्या आठवड्यात डॉक्टरांनी ती औषधांनी पूर्ण जाळून टाकली होती. आता त्या पोराच्या अंगात स्वतःचे रक्त तयार करणारे काही उरलेच नव्हते. कुण्या परक्या बाळाच्या जन्माच्या वेळी नाळेतून घेतलेले वाटीभर रक्त गोठवून ठेवलेले होते, ते त्याला जुळले होते. पण वाटीभर रक्तातल्या मूळ पेशी पाच वर्षांच्या मुलाला पुरत नाहीत. म्हणून त्यातला मोठा भाग तसाच गोठवलेला ठेवला होता, आणि लहान भाग गेले चौदा दिवस प्रयोगशाळेच्या उबेत, गुलाबी पाण्यात वाढत होता. आज चार वाजता दोन्ही भाग मुलाच्या शिरेत सोडायचे होते.

“नाना, आज सुटणार ना आमची गाडी?” ड्रायव्हरने विचारले.

“हो, म्हणजे... बघू,” नाना स्वतःच्या बुटांकडे पाहत म्हणाले.

“बघू काय? चौदा वर्षं झाली, मी एकदाही गाडी उशिरा सोडलेली नाही. तुमच्याकडे आत ती पेशींची लेकरं बसलीयत ना, त्यांना सांगा, ड्रायव्हर खाली उभा आहे म्हणावं.” तो हसला, पण कठडा धरलेला हात सोडेना. त्याचे डोळे रात्रभर उघडे असल्यासारखे लाल होते.

नानांनी काढता पाय घेतला. नातेवाइकांशी काय बोलावे हे त्यांना आयुष्यभर जमले नव्हते.

वर ताई आधीच हातमोजे चढवून बसली होती. मोजणीचे यंत्र आठ दिवसांपूर्वी दुरुस्तीला गेले होते, तेव्हापासून सगळे जुन्या पद्धतीने चालले होते. मधल्या मोजण्या साध्या वहीत लिहिल्या होत्या; शेवटच्या दिवशी भरायचा छापील तक्ता आज सकाळीच कपाटाच्या तळातून शोधून काढावा लागला होता. कागदाच्या कडा पिवळ्या पडल्या होत्या.

“या नाना. परवा नऊ कोटी होत्या,” ताई म्हणाली. “पंधरा लागतात. आज गाठल्या तर गाठल्या.”

“तुझी मोजणी झाली?”

“झाली. आकडा झाकून ठेवलाय. तुम्ही तुमचं करा, मग उघडते. आणि एकदाच मोजा हां! तुम्ही स्वतःची सहीसुद्धा दोनदा तपासता.”

काम सोपे होते, शाळेतल्या मुलाला जमेल असे. पेशींचा थेंब जेवढा, तेवढाच निळा रंग त्यात मिसळायचा. मेलेली पेशी निळी होते. जिवंत पेशी रंगाला आत येऊ देत नाही, दवबिंदूसारखी चकाकत राहते. काचेवर कोरलेल्या चौकटींत त्या चकाकणाऱ्या तेवढ्या मोजायच्या. रंगामुळे थेंब निम्मा पातळ झालेला असतो, म्हणून आलेला आकडा दुप्पट करायचा. झाले.

नानांनी डाव्या हातात टिकटिक्या घेतला. हा त्यांचा जुना सोबती, मुठीत मावणारा, अंगठ्याने दाबला की एकेक आकडा पुढे सरकवणारा. डोळा भिंगाला लावला. टिक, टिक, टिक. खोलीत दुसरा आवाज नव्हता. चौथी चौकट संपली तेव्हा त्यांनी आकडा पाहिला, मनात हिशेब केला आणि तक्त्यावर लिहिले: २०८.

ताईने आपला आकडा उघडला. २१२.

“जुळलं!” तिने दोन्हींची सरासरी काढली, खालच्या ओळींतून पेन सरसर नेले, आणि शेवटच्या चौकटीपाशी एकदम ओरडली, “एकवीस! नाना, एकवीस कोटी! दोन दिवसांत दुप्पट झाली की हो पोरं!”

एवढ्यात फोन वाजला. वॉर्डातून परिचारिका विचारत होती, पिशवी कधी येणार. “एकवीस कोटी आहेत, सांगा डॉक्टरीणबाईंना,” ताई फोनवर म्हणाली. “सही झाली की धुवून भरते. हो, हो, चारच्या आत.” तिने फोन मानेत धरूनच तक्ता नानांसमोर सरकवला आणि पेन पुढे केले.

सवय अशी, की मोजणी संपली की आधी टिकटिक्या शून्यावर आणायचा. ताईच्या ओरडण्याने आज ते राहून गेले होते. नानांनी सहीसाठी डाव्या हातातला टिकटिक्या टेबलावर ठेवला आणि त्यांची नजर त्यावर गेली. १०४.

बरोबर होते. एकशे चारची दुप्पट दोनशे आठ. ते त्यांनी मनात केले होते. मग त्यांनी तक्ता वाचला. सरासरी, दोनशे दहा. आणि त्याखाली छापील ओळ, ‘रंगासाठी गुणिले दोन’. तिच्यापुढे ताईच्या हाताने लिहिलेले: ४२०.

नानांनी ती ओळ पुन्हा वाचली. म्हणजे दुप्पट दोनदा झाली होती.

पण लगेच नेहमीचा खेळ सुरू झाला. तुझाच घोळ असेल. ताईने तिचा आकडा साधा लिहिला असेल, तू मात्र दुप्पट केलास. पण मग दोघांचे जुळले कसे? जुळले म्हणजे बरोबरच असेल. सगळे खूश आहेत, आणि तू पुन्हा कुलूप ओढून पाहायला निघालास. घड्याळात एक वाजून चाळीस मिनिटे झाली होती. पेशी कमी भरल्या तर याच मुलासाठी एक राखीव पिशवी द्रव नायट्रोजनच्या टाकीत होती. दुसऱ्या बाळाचे नाळेचे रक्त, थोडे कमी जुळणारे, पण चालणारे. ती वापरायची तर दोनच्या आत बाहेर काढायला हवी, म्हणजे चारपर्यंत वितळून, धुऊन तयार होते. एकदा वितळवली की पुन्हा गोठवता येत नाही. उगाच वितळवली तर कुणा दुसऱ्या पोराच्या तोंडचा घास गेला. नाही वितळवली, आणि या मुलात पेशी रुजल्या नाहीत तर? मग त्याच्या अंगात काहीच नाही. साधी सर्दीसुद्धा त्याला घेऊन जाईल.

पेन ताईच्या हातात तसेच पुढे होते. सही करून मोकळे होणे किती सोपे होते.

कापण्याआधी सांगते, कापल्यावर सांगून काय उपयोग.

“ताई, थांब,” नाना म्हणाले. आवाज इतका बारीक आला की त्यांना पुन्हा म्हणावे लागले. “थांब. फोन ठेव.”

“काय झालं?”

“हे दोनशे बारा. भिंगाखाली तुला दोनशे बारा दिसल्या, की एकशे सहा?”

“एकशे सहा. दुप्पट करूनच लिहिते की मी.” ताईला प्रश्नच कळेना. “तुम्हीच शिकवलंत ना, पहिल्याच आठवड्यात? ‘मनात दुप्पट कर आणि मगच लिही, म्हणजे विसरायला होत नाही.’ यंत्र आलं तेव्हापासून हा तक्ता कधी...”

ती बोलता बोलता थांबली. तिचे बोट छापील ओळीवर गेले आणि तिथेच राहिले.

“साडेदहा,” ती म्हणाली. “एकवीस नाही, साडेदहा.”

“तसं वाटतंय. पण मला... माझा भरवसा धरू नकोस. पुन्हा मोजू.”

काचेवरच्या थेंबाचा उपयोग नव्हता. रंगात इतका वेळ राहिलेल्या पेशी एव्हाना मरून निळ्या पडल्या असत्या. पण बर्फावरच्या नळीत रंग न मिसळलेले चार थेंब शिल्लक होते. ताईने नवी काच पुसून ठेवली, तोवर रंग नानांनी मिसळला. त्यांचा हात अशा वेळी कधी हलत नसे, एरवी चहाचा कप बशीत वाजायचा. आधी ताईने मोजले, मग त्यांनी. मनात काही करायचे नाही, टिकटिक्यावर दिसेल तेच लिहायचे असे ठरले. ताईचा आकडा एकशे सात. नानांचा एकशे तीन. एकशे तीन लिहिताना त्यांना उगाचच काही चुकल्यासारखे वाटले. का, ते त्या वेळी कळले नाही.

एक वाजून चोपन्न मिनिटे.

ताईने फोनकडे हात नेला. “मीच सांगते. वॉर्डात एकवीस मी सांगितलंय.”

“नको, मी सांगतो,” नाना म्हणाले आणि त्यांनी रिसीव्हर उचलला. फोनवर बोलायचे म्हटले की या माणसाला घाम फुटायचा. घरी गॅसचा नंबरसुद्धा बायको लावायची.

“बाई, मी बोलतोय. मोजणीवाला.”

“बोला नाना. एकवीस ना? छान झालं.” वॉर्डाच्या डॉक्टरीणबाईंचा आवाज नेहमीसारखा घाईत होता.

“नाही. साडेदहा आहेत. एकवीस चूक होतं. आकडा दोनदा दुप्पट झाला होता. चूक माझी आहे. जुनी.”

पलीकडे कुठल्याशा यंत्राची पिपाणी वाजत होती.

“नाना, मी आत्ता राखीव पिशवी काढायला सांगितली तर ती परत ठेवता येत नाही. तुम्हाला कल्पना आहे. खात्री आहे तुमची?”

हा शब्द नानांनी जन्मात स्वतःसाठी वापरला नव्हता. जेवण कसे झाले विचारले तरी ते ‘बरं असावं’ म्हणायचे.

“हो,” ते म्हणाले. “खात्री आहे.”

“काढा,” बाई म्हणाल्या. “आणि पळा.”

पुढचे दोन तास बोलायला कुणाला सवड नव्हती. टाकीचे झाकण उघडले तेव्हा पांढरी वाफ गुडघ्यापर्यंत आली. राखीव पिशवीवरचा क्रमांक ताईने वाचला, नानांनी वाचला, पुन्हा ताईने वाचला. “बघा, तुमची सवय लागली मला,” ती म्हणाली, पण हसली नाही. कोमट पाण्यात पिशवी हलवत धरायची, शेवटचा बर्फाचा कण विरघळेपर्यंत. फार वेळ धरली तर पेशी मरतात, कमी धरली तरी मरतात. चार वाजून दहा मिनिटांनी ताई तीन पिशव्या घेऊन वॉर्डाकडे धावली. नाना मागे जिन्यात आले, तर ड्रायव्हर तिथेच उभा.

“नाना, तीन का गेल्या? दोन जायच्या होत्या ना? काय लपवताय?”

इथे नेहमीचे नाना असते तर ‘डॉक्टरांना विचारा’ म्हणून सटकले असते. त्यांनी कठडा धरला.

“आतल्या पेशी कमी भरल्या. म्हणून दुसरी पिशवी काढली. मोजताना आमची चूक झाली होती, वेळेत सापडली.”

“वेळेत म्हणजे?”

“सहा मिनिटं उरली होती.”

ड्रायव्हर पायरीवर बसला, दोन्ही हातांनी तोंड पुसले. “आणि सापडली नसती तर मला कधी कळलं असतं?”

नाना त्याच्याशेजारी बसले. “कधीच नाही,” ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांची पाळी नव्हती, तरी ते गेले. ताईकडून जुन्या दप्तराच्या खोलीची किल्ली मागितली. ती काही न विचारता बरोबर आली. छापील तक्ते यायच्या आधी मोजणी साध्या वहीत लिहीत. त्या वह्या नानांनी एकेक काढल्या आणि पाने उलटू लागले. आठ वर्षांची पाने, त्यांच्याच हातचे आकडे. १८४, ९६, २३०, ११२.

“काय शोधताय?” ताईने विचारले.

“विषम आकडा.”

एकही नव्हता. दुप्पट करून लिहिलेला आकडा विषम येत नाही. काल एकशे तीन लिहिताना चुकल्यासारखे का वाटले, ते आता कळले. आणि त्या वह्यांच्या शेवटी तो छापील तक्ता लावलेला होता. अकरा वर्षांपूर्वी तो नवा छापून आला होता. त्यावर एकच पान भरले गेले, मग दोन महिन्यांत यंत्र आले आणि तक्ता कपाटात गेला. ते एक पान शिवणकाम करणाऱ्या बाईच्या मुलीचे होते. पहिली मोजणी १७६. दुसरी मोजणी १८४. सरासरी १८०, आणि खाली त्या वेळच्या प्रयोगशाळा-प्रमुखांच्या वळणदार अक्षरात, छापील ओळीप्रमाणे, ३६०. अठरा कोटी. पंधरा हव्या होत्या, प्रत्यक्षात होत्या नऊ. कोपऱ्यात शेरा होता: ‘राखीव पिशवी टाकीत. गरज नाही.’

ताईने दुसऱ्या आकड्यावर बोट ठेवले. “दुसरी मोजणी माझी आहे,” ती म्हणाली.

“तू तीन आठवड्यांची होतीस इथं. मी शिकवलं तसं केलंस.”

“तरी.”

“तरी काही नाही,” नाना म्हणाले. एवढ्या ठामपणे ते तिच्याशी प्रथमच बोलत होते.

ते पान घेऊन दोघे डॉक्टरीणबाईंकडे गेले. बाईंनी चष्मा काढला, पुन्हा लावला. “कळवायला हवंच,” त्या म्हणाल्या. “मी वर पाठवते. समिती बसेल, रुग्णालयाचं रीतसर पत्र जाईल. वेळ लागेल थोडा.”

“जाऊ दे ते,” नाना म्हणाले. “मला आलेलं पत्र आहे. माझं मी पाठवतो.”

पण पाठवणे कुठे सोपे होते! आठ दिवस ते टेबलाशी बसत होते. मुलाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी रोज शून्यच येत होत्या. रुजल्या की नाही हे कळायला तीन आठवडे लागतात, हे नानांइतके कुणाला ठाऊक असणार? तरी ते रोज वॉर्डात विचारून यायचे आणि कागद पुढ्यात घेऊन बसायचे.

“अहो,” नवव्या दिवशी बायको दारात उभी राहून म्हणाली, “त्या शब्दकोशात काय दडवलंय ते मला अकरा वर्षांपासून माहीत आहे. पुस्तकं पुसतं कोण या घरात?”

नानांनी मान वर केली नाही. “मग बोलली का नाहीस?”

“तुम्ही लिहाल म्हणून वाट पाहिली. मूग गिळून बसायचा मक्ता काय तुमच्या एकट्याकडे आहे? आता पुन्हा कशासाठी अडलंय?”

“त्या मुलाचं कळू दे. मग...”

“म्हणजे तो वाचला तर लिहाल, आणि नाही वाचला तर नाही? त्या बाईनं काय त्याच्याबद्दल विचारलंय?” ती आत गेली, आणि आतूनच म्हणाली, “तिला एका शब्दात उत्तर हवं होतं. तुम्ही सगळा शब्दकोश वापरलात.”

नानांनी त्याच बैठकीत पत्र लिहिले. खाडाखोड झाली, ती तशीच ठेवली.

‘आपले पत्र अकरा वर्षांपूर्वी मिळाले. उत्तर, नाही. पेशी पुरेशा नव्हत्या. पंधरा कोटी हव्या होत्या, नऊ होत्या. मोजण्याच्या माझ्या पद्धतीमुळे त्या दुप्पट दिसल्या. दुसरी पिशवी हाताशी होती, ती त्यामुळे काढली गेली नाही. ती दिली असती तर मुलगी वाचली असती का, हे मला सांगता येत नाही, आणि कुणी सांगितले तर त्यावर विश्वास ठेवू नका. पण कापड कमी होते, आणि ते आम्ही कापण्याआधी सांगितले नाही. मला तेव्हा शंका होती, खात्री नव्हती, आणि ती करून घेण्याचे धैर्य नव्हते. गेल्या आठवड्यात तीच चूक पुन्हा होत होती. तुमच्या पत्रातल्या ओळीमुळे ती थांबली. हे सांगून तुमचे दुःख हलके होईल असे मी समजत नाही.’

खाली त्यांनी पूर्ण नाव घातले, घरचा पत्ता घातला. बाई आता तिथे राहत नसेल तर? “परत येईल,” बायको तिकीट चिकटवत म्हणाली. “आलं तर शोधू. शिवणकाम करणारी बाई सापडते, तिच्या हातचे कपडे घातलेली माणसं गावभर असतात.”

टपालपेटी रुग्णालयाच्या फाटकाशेजारी होती. नाना पोचले तेव्हा ड्रायव्हर चहाचा पेला हातात घेऊन पायरीवर उभा होता. नानांना पाहून त्याने दुरूनच नकाराची मान हलवली. “अजून शून्य.”

“अजून दिवस आहेत,” नाना म्हणाले. नजर या वेळी बुटांकडे गेली नाही. “उद्या येतो विचारायला.”

“या. मी आहेच स्टॉपवर.”

पेटीपाशी नानांनी पत्ता एकदा वाचला, पुन्हा वाचला. तिकीट अंगठ्याने दाबून पाहिले. मग पाकीट फटीत सरकवले आणि सोडले. आत कुठेतरी ते इतर पाकिटांवर पडल्याचा हलका आवाज आला. ते नीट पडले की नाही हे फटीत बोटे घालून चाचपायची त्यांची जुनी सवय होती. नाना तसे न करताच घराकडे वळले.